सुटे पंखे होते, पण तेही तसेच: 'शार्ल द गोल'च्या पंख्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

विमानवाहू नौकेचे सुटे भाग म्हटलं की कॅटापल्ट, रडार, विमानांची लिफ्ट हेच आधी डोळ्यांपुढे येतं. इथे घेतलेला भाग त्या मानाने अगदी साधा आहे: पाण्याखालचा पंखा, म्हणजे प्रॉपेलर. त्यात वायर नाही, सॉफ्टवेअर नाही, स्वतःचं असं हलणारं यंत्रही नाही. धातूचा एक मोठा ओतीव तुकडा, इतकंच. तरीही या तुकड्याने एका नव्याकोऱ्या नौकेचा वेग जवळजवळ साडेसहा वर्षं तीन नॉटने (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) खाली ठेवला.

नौका फ्रान्सची 'शार्ल द गोल'. जहाज आणि तारखा जगजाहीर आहेत, म्हणून नावं घेतली आहेत. पंखे ओतणारा कारखाना आणि कामावरची माणसं यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. १९८९ मध्ये ब्रेस्टच्या गोदीत बांधणी सुरू झाली आणि मे १९९४ मध्ये नौका पाण्यात उतरली. लांबी २६१.५ मीटर, पूर्ण भाराने वजन सुमारे ४२,००० टन. आत प्रत्येकी १५० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या दोन के-१५ अणुभट्ट्या. हीच भट्टी फ्रेंच अणुपाणबुड्यांत वापरली जाते. भट्टीची वाफ टर्बाइनला, टर्बाइनचा जोर दोन शाफ्टना (पंखा फिरवणाऱ्या लांब दांड्यांना), प्रत्येक शाफ्टच्या टोकाला एक पंखा. एकूण ८३,००० अश्वशक्ती, म्हणजे शाफ्टमागे ४१,५००. करारातला कमाल वेग २७ नॉट.

हा वेग मुळातच जेमतेम होता. आधीच्या 'क्लेमांसो' आणि 'फॉश' या जोडीला १,२६,००० अश्वशक्ती होती आणि त्या ३२ नॉट गाठत. नव्या नौकेचं वजन त्यांच्यापेक्षा सुमारे ९,००० टनांनी जास्त आणि शक्ती दोन तृतीयांश. २७ मधून आणखी काही कमी झालं तर ते कुठून भरून काढायचं, याला जागाच नव्हती. पुढचे सगळे निर्णय या आकड्याच्या सावलीत झाले.

आणखी एक गोष्ट. 'क्लेमांसो' १ ऑक्टोबर १९९७ ला सेवेतून गेली होती आणि 'फॉश' ब्राझीलला द्यायचं ठरलेलं होतं. म्हणजे फ्रेंच नौदलाकडे लवकरच एकच विमानवाहू नौका उरणार होती, आणि तीही अजून चाचण्यांतच होती. 'ई-२सी हॉकआय' ही टेहळणी विमानं उतरून सुरक्षितपणे वळवता यावीत म्हणून तिचा तिरपा डेक, म्हणजे विमानं उतरतात ती धावपट्टी, ४.४ मीटरने वाढवावा लागला होता. वेळापत्रक आधीच ताणलेलं होतं.

अडचण

९-१० नोव्हेंबर २०००ची रात्र. नौका लांब पल्ल्याच्या चाचणीवर पश्चिम अटलांटिकमध्ये होती, वाट अमेरिकेतल्या नॉरफोकची. डाव्या बाजूच्या पंख्याचं पातं तुटलं. चाचणी सोडून टूलॉनला, म्हणजे तिच्या घरच्या बंदरात, परतावं लागलं. १५ नोव्हेंबरला 'फॉश' ठरल्याप्रमाणे ब्राझीलच्या ताब्यात गेली. पाच दिवसांच्या फरकाने फ्रान्सकडे चालती विमानवाहू नौका एकही उरली नाही.

पातं तुटल्यावर शाफ्टवर काय येतं, ते आकड्यांत पाहू. समजा तुटलेला तुकडा दोन टनांचा आहे, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून दीड मीटरवर आहे आणि शाफ्ट मिनिटाला १२० फेरे घेतो आहे. मग दर फेऱ्याला सुमारे ४८ टनांचा असंतुलित ओढा शाफ्टच्या मागच्या बेअरिंगवर बसतो, आणि तो दिशा बदलत गोल फिरत राहतो. फेरे निम्म्यावर आणले तर हाच ओढा चौथाईवर, १२ टनांवर येतो. म्हणून अशा वेळी पहिला हुकूम फेरे उतरवण्याचा असतो. शाफ्ट पूर्ण थांबवून अडकवायचा, की पाण्याच्या प्रवाहाने आपोआप फिरू द्यायचा, हे त्यानंतर ठरतं. अडकवला तर थांबलेला पंखा पाण्यात भिंतीसारखा आडवा येतो आणि दुसऱ्या शाफ्टवर भार वाढतो. फिरू दिला तर स्टर्न ट्यूबची (शाफ्ट नौकेबाहेर पडतो त्या नळीची) बेअरिंगं आणि सीलं झिजतात. दोन शाफ्ट ठेवण्यामागचं एक मोठं कारण हीच रात्र आहे: एक गेला तरी घरी येता येतं.

तपासात काय निघालं

तुटलेल्या पंख्यात, पात्यांच्या मुळांजवळ मध्यभागाकडे, धातूत पोकळ्या होत्या. ओतताना अडकलेल्या वायूचे बुडबुडे. इथवर हे एका भागाचं अपयश होतं. पण मग उजवा पंखा तपासला, त्यातही तोच दोष. गोदामातले सुटे पंखे तपासले, त्यांतही तोच. चौकशी पुरवठादाराकडे वळली तर कारखाना आधीच दिवाळखोरीत निघालेला. पंख्यांच्या रचनेची आणि बनावटीची कागदपत्रं एका आगीत जळून गेलेली.

म्हणजे भाग गेला, त्याचा बदली भाग गेला, बनवणारा गेला आणि कसा बनवायचा हेही गेलं. 'आमच्याकडे स्पेअर आहे' हे वाक्य नोव्हेंबरपर्यंत खरं होतं, निदान यादीत तरी.

बुडबुडे नेमके मुळापाशीच का सापडतात, हे ओतकाम पाहिलेल्या माणसाला नवीन नाही. पंखा तांबं-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, अखंड ओतलेला: मधला हब आणि सगळी पाती एकाच ओतीत. टोकाकडे पातं पातळ, ते आधी थिजतं. हब आणि पात्याचं मूळ सगळ्यांत जाड, ते शेवटी. थिजताना धातू आकसतो आणि त्याला वरून रस पुरवावा लागतो. तो पुरवणारा रसाचा साठा, म्हणजे रायझर, अपुरा असेल किंवा आधीच थिजला, तर पोकळी सर्वांत शेवटी थिजणाऱ्या जागी, म्हणजे मुळात आणि हबमध्ये राहते. वितळलेल्या धातूत विरलेला वायूही थिजताना बाहेर पडायला बघतो आणि वाट मिळाली नाही तर तिथेच अडकतो. ॲल्युमिनियममुळे आणखी एक त्रास: रस हवेत उसळला की लगेच ऑक्साइडची साय धरते, आणि ती साय घडी पडून आत गेली तर घन धातूत जन्मजात तड्यासारखी बसते. म्हणून चांगली ओतशाळा साचा खालून, शांतपणे भरते. वरून धार सोडत नाही.

सर्वांत जाड जागीच दोष, आणि सर्वांत जास्त ताणही तिथेच. पातं म्हणजे एका टोकाला पकडलेली तुळई. हलच्या, म्हणजे नौकेच्या पाण्यातल्या अंगाच्या, मागचं पाणी सगळीकडे सारख्या वेगाने येत नाही, त्यामुळे प्रत्येक फेऱ्यात पात्यावरचा भार एकदा वाढतो, एकदा उतरतो. मिनिटाला १५० फेरे धरले तर तासाला ९,००० वेळा, दिवसाला २ लाख १६ हजार वेळा. एक कोटी आवर्तनं व्हायला ४६-४७ दिवसांचा सलग प्रवास पुरतो. कोरड्या हवेत थकवा-मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी चालतं असं काही धातूंबाबत म्हणता येतं; खाऱ्या पाण्यात ती सोय नाही, तिथे तडा हळूहळू पुढे सरकतच राहतो. त्यामुळे गोदीच्या धक्क्यावर आणि छोट्या चाचण्यांत निर्दोष दिसलेला पंखा नेमका लांबच्या सफरीत तुटावा, यात योगायोग फारसा नाही. लांब सफरीची चाचणी असते तीच यासाठी.

मग स्वीकारताना दोष का दिसला नाही? कारणं जुनीच. रंगीत द्रव झिरपवून केलेली तपासणी फक्त पृष्ठभागावर उघडलेला तडा दाखवते. ओतीव तांबं-मिश्रधातूचे कण भरड असतात, त्यात अल्ट्रासाउंडचा आवाज विखुरतो आणि जाड भागात परतीचा प्रतिध्वनी गोंगाटात हरवतो. मुळाच्या जाडीतून एक्स-रे काढायचा तर साधं यंत्र पुरत नाही. याचा अर्थ तपासता येत नाही असा नव्हे. पैसे, वेळ आणि आधीच लिहून ठेवलेली अट लागते. अट खरेदी-करारात नसेल तर ओतशाळा ती आपणहून पाळत नाही.

समोर असलेले रस्ते

गोदामातला सुटा पंखा लावणं हा पहिला रस्ता तपासणीनेच बंद केला होता. दोष ठाऊक असताना तो लावला असता, तर पुढचं पातं कधी तुटेल एवढाच प्रश्न उरला असता.

दोष वेल्डिंगने भरणं. पंख्याची पाती वेल्ड करून दुरुस्त करतात, पण कुठेही नाही. व्यापारी जहाजांच्या वर्गीकरण नियमांत पंख्याचे विभाग पाडलेले असतात. दाबाच्या बाजूने मुळापासून त्रिज्येच्या ०.४ पर्यंतचा भाग हा सगळ्यांत नाजूक. तिथे वेल्डिंगला सहसा परवानगी मिळत नाही. वेल्डच्या उष्णतेने जो अवशिष्ट ताण मागे राहतो तो नेमका त्याच जागी नको असतो. टोकाची चिरलेली कड असती तर गोष्ट वेगळी होती. शिवाय इथे दोष खोल, आत होता, आणि कुठे संपतो ते बाहेरून कळत नव्हतं.

नवे पंखे घडवणं हा खरा इलाज, आणि अखेर तोच झाला. पण ड्रॉइंगच नाहीत म्हटल्यावर सुरुवात आरेखनापासून: हलच्या मागच्या पाण्याचा नकाशा, टाकीतल्या मॉडेल-चाचण्या, पोकळी-चाचणी (पाण्यात बुडबुडे फुटून धातू खाल्ला जाणं आणि आवाज होणं हे तपासणारी), मग साचा, ओतणी, यंत्रकाम, तोल. तुटका पंखा मोजून त्यावरून नकाशा काढता येतो, पण तोच आकार पुन्हा ओतणं म्हणजे तोच जाड-पातळ भेद आणि तीच ओतण्याची अडचण पुन्हा घेणं. तेवढा काळ नौका धक्क्याला बांधून ठेवायची, तर प्रशिक्षित खलाशी आणि विमानचालक काय करणार? डेकवर उतरण्याचं कसब सरावाशिवाय टिकत नाही.

राहिला चौथा रस्ता: 'क्लेमांसो' वर्गाचे पंखे. ते जुन्या आरेखनाचे, पण हातात होते.

परक्या नौकेचा पंखा लावताना काय जुळावं लागतं, ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण 'बसतोय ना, मग झालं' असं इथे चालत नाही. शाफ्टच्या टोकाचा शंकू आणि हबचं छिद्र यांचा उतार जुळला पाहिजे. दोन्ही पृष्ठभागांना निळा रंग लावून पाहिल्यावर व्यापारी नियमांत साधारण किमान ७० टक्के स्पर्श मागतात. फिरण्याची दिशा जुळली पाहिजे. दोन शाफ्ट उलट दिशांना फिरतात, म्हणून डावा पंखा उजवीकडे लावून भागत नाही. पात्याच्या टोकापासून हलपर्यंतची मोकळी जागा पुरली पाहिजे, नाहीतर प्रत्येक पातं वरच्या पत्र्यावर पाण्याचा हातोडा मारत जातं. वजन आणि फिरतं जडत्व बदललं की शाफ्टचे कंप-वेग बदलतात; फेऱ्यांचा कोणता पट्टा टाळायचा, हे नव्याने काढावं लागतं.

ताकदीची चिंता मात्र कमी होती. जुना पंखा शाफ्टमागे ६३,००० अश्वशक्तीसाठी बनला होता, इथे त्याला ४१,५०० झेलायची होती. खरी अडचण पिचची. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा स्क्रूसारखा किती पुढे जायला बघतो ते अंतर. ३२ नॉटच्या हलक्या नौकेसाठी घडवलेला पंखा २७ नॉटच्या जड नौकेला लावणं म्हणजे वजन लादलेला ट्रक उंच गिअरमध्ये चालवायला लावणं. टर्बाइनचा पीळ मर्यादेला टेकतो, पण फेरे पुरते चढत नाहीत, आणि शक्ती असूनही वापरता येत नाही.

निर्णय आणि काम

चौथा रस्ता घेतला गेला, पण तात्पुरता म्हणून. दोन्ही पंखे बदलले, कारण उजवाही दोषी होता. एकच बदलला असता तर दोन्ही बाजूंना दोन स्वभावांचे पंखे राहिले असते, आणि सरळ जाण्यासाठीही सुकाणू सतत थोडं वळवून धरावं लागलं असतं.

पंखा बदलणं हे गोदीतलं काम. नौका ड्राय डॉकमध्ये घेऊन पाणी उपसतात, शाफ्टवरचं दोर-रक्षक कडं आणि टोकाची टोपी काढतात. नट मोकळा करण्याआधी शंकूवर पंखा किती आत चढलेला आहे त्याची खूण करून ठेवतात. मग शंकू आणि हब यांच्यामध्ये दाबाने तेल सोडतात, तेव्हा पंखा 'ठक' आवाज करून सुटतो. त्या क्षणी तो मागे उडी मारू नये म्हणून नट पूर्ण काढलेला नसतो, फक्त सैल केलेला असतो. हे विसरल्याने अपघात झालेले आहेत. नवा चढवताना उलट क्रम: शंकू साफ, निळ्या रंगाची चाचणी, तेलाच्या दाबावर पंखा ठरल्या मिलिमीटरपर्यंत आत ढकलणं. तो आकडा धातूच्या तापमानावर ठरतो. पंख्याचं ब्राँझ (तांब्याचा मिश्रधातू) शाफ्टच्या स्टीलपेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे गोदीतल्या थंड दिवशी आणि गरम दिवशी ढकलण्याचं अंतर सारखं नसतं. शेवटी नौका पुन्हा तरंगती झाल्यावर शाफ्टची सरळ रेषा बेअरिंगवरचे भार मोजून तपासतात, कारण गोदीतल्या ठोकळ्यांवर बसलेली नौका आणि पाण्यात तरंगणारी नौका वेगवेगळ्या वाकतात.

इथे टूलॉनचा एक फायदा मोजायला हवा: भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, आणि एवढी नौका मावेल अशी गोदी घरातच आहे. सगळ्या नौदलांचं तसं नसतं. ब्रिटनच्या ६५,००० टनी 'क्वीन एलिझाबेथ' वर्गाचं घर पोर्टस्मथ, पण गोदी स्कॉटलंडमधल्या रोसाइथला. तिथे जाताना फोर्थ नदीवरच्या पुलांखालून ओहोटी साधून डोलकाठी खाली पाडून निघावं लागतं. मुंबईच्या नौदल गोदीत विमानवाहू नौकेसाठीची सुमारे २८१ मीटर लांबीची ड्राय डॉक २८ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली. सुट्या भागांच्या यादीत 'गोदी' हा शब्द कुणी लिहीत नाही, पण पंख्याच्या बाबतीत तो पहिल्या ओळीत यायला हवा.

परिणाम

५ मार्च २००१ ला 'शार्ल द गोल' जुन्या पंख्यांवर पुन्हा समुद्रात गेली. म्हणजे पातं तुटल्यापासून चार महिन्यांच्या आत. चाचणीत २५.२ नॉट गाठले. सेवेतली कमाल मर्यादा सुमारे २४ धरली गेली. १८ मे २००१ ला ती नौदलात औपचारिकपणे दाखल झाली.

तीन नॉट म्हणजे किती? शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात लागते. २४ नॉटला २७ नॉटच्या जेमतेम ७० टक्के शक्ती वापरात येते. अणुभट्टी उरलेली देऊ शकते, पण पंख्याला ती घेता येत नाही. डेकवर हिशोब आणखी सरळ आहे. वारा पडलेला असेल तर डेकवरचा सगळा वारा नौकेच्या वेगातून येतो. १३० नॉटने उतरणारं विमान २७ नॉटच्या डेकला १०३ नॉटने भेटतं, २४ नॉटच्या डेकला १०६ ने. ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते, म्हणून अडवणाऱ्या तारेला सुमारे सहा टक्के जास्त ऊर्जा गिळावी लागते. हे रोजच्या कामात खपून जातं. भर उन्हाळ्यात, वारा नसताना, न टाकलेलं शस्त्र घेऊन परतणाऱ्या विमानाला ते जाणवतं. काही किलो शस्त्र किंवा इंधन मग वरच्या वर सोडून द्यावं लागतं.

दुसरी किंमत आवाजाची. उजव्या पंख्याजवळ १०० डेसिबलपर्यंतचा असाधारण आवाज येऊ लागला आणि नौकेच्या मागच्या भागातली राहण्याची जागा वापरण्याजोगी राहिली नाही. जुलै ते ऑक्टोबर २००१ नौका पुन्हा दुरुस्तीत गेली. दुसऱ्या हलसाठी घडवलेला पंखा आवाज करणार, हे अंदाजाबाहेरचं नव्हतं. पाच पात्यांचा पंखा मिनिटाला १५० फेरे घेत असेल तर सेकंदाला साडेबारा ठोके मागच्या पत्र्यावर पडतात. जवळचा पत्रा किंवा चौकट त्याच तालावर कंप पावणारी निघाली की तिथे झोपणं अशक्य. चाचणी-वेळापत्रकात या कामासाठी जागा राखली असती तर बरं झालं असतं. राखली नव्हती, आणि नौका गोदीत असतानाच ११ सप्टेंबर २००१ उजाडला. १ डिसेंबरला ती टूलॉनहून निघाली आणि अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी अरबी समुद्रात, म्हणजे आपल्याच अंगणात, येऊन उभी राहिली. २४ नॉटवर.

नवे पंखे बसले ते सप्टेंबर २००७ ते २००८ अखेरच्या पहिल्या मोठ्या दुरुस्तीत, भट्ट्यांमधलं इंधन बदलताना. वेग पुन्हा २७ नॉटवर आला. मार्च २००९ मध्ये शक्ती पोहोचवणाऱ्या कपलिंगमध्ये वेळेआधीची झीज सापडली आणि नौका परत टूलॉनच्या कार्यशाळेत गेली.

निर्णयाच्या जागा

नोव्हेंबर २००० नंतरचे निर्णय माझ्या मते बहुतांश बरोबर होते. जुने पंखे लावणं हा जुगाड नव्हता. कोणती किंमत मोजतो आहोत हे ठाऊक असलेला निर्णय होता. चार महिन्यांत नौका समुद्रात आली ती त्यामुळेच. इंधन-बदलापर्यंत थांबणंही समजण्यासारखं आहे: गोदीत स्वतंत्रपणे जायचं तर नौका महिनोन् महिने बाहेर, आणि बदली नौका नाही. चूक त्याच्या कितीतरी आधीची, खरेदीच्या वेळची.

पहिली जागा: सुटे पंखे कुठून घ्यायचे. चालू पंखे आणि सुटे पंखे एकाच कारखान्यातून, एकाच पद्धतीने ओतून घेतले की संख्या वाढते, धोका मात्र वाटला जात नाही. एकाच कारखान्याशिवाय पर्याय नसेल तर निदान ओती वेगळ्या काळातल्या असाव्यात आणि पहिला पंखा पूर्ण तपासल्यावरच दुसरा ओतायला सांगावा. प्रत्येक ओतीबरोबर चाचणीचा तुकडा ओततात, पण तो पातळ असतो आणि लवकर थिजतो. जाड मुळाची हकीकत तो सांगत नाही. पहिल्या पंख्यांपैकी एक कापून पाहणं महाग वाटतं. पूर्ण मापाचा हब आणि एका पात्याचं मूळ एवढंच नमुन्यादाखल ओतून कापणं त्या मानाने स्वस्त पडतं.

दुसरी जागा कागदांची. ड्रॉइंग, साच्याची मापं, ओतीचे नंबर, तपासणीचे अहवाल यांची दुसरी प्रत हाताशी नव्हती, म्हणून आगीबरोबर सगळं गेलं. भाग ताब्यात घेतानाच या कागदांची दुसरी प्रत खरेदीदाराच्या ताब्यात, दुसऱ्या शहरात असायला हवी, आणि पैशाचा शेवटचा हप्ता तिच्याशी बांधलेला हवा. आज पंखा आल्याबरोबर लेझरने त्याचं पूर्ण मोजमाप करून ठेवता येतं. तेव्हाही पात्यांची मापं हाताने घेऊन ठेवता आली असती. पुरवठादाराची आर्थिक प्रकृती तपासणं हे हिशेबनीसाचं काम समजलं जातं. वीस-तीस वर्षं चालणाऱ्या नौकेच्या बाबतीत ते अभियंत्याचंही आहे.

तिसरी जागा आरेखनाची: अखंड पंखा की पाती बोल्टने जोडलेला? 'क्वीन एलिझाबेथ' वर्गाच्या पंख्यांचं वजन प्रत्येकी सुमारे ३३ टन आणि त्यांची पाती हबवर बोल्टने बसवलेली आहेत. अशा पंख्याचं पातं एकटं बदलता येतं, ओतही लहान असल्याने दोष कमी आणि तपासणी सोपी. बदल्यात हब थोडा जाड होतो, कार्यक्षमता किंचित घटते आणि बोल्टांचा ताण वेळोवेळी तपासत राहावा लागतो. जिथे नौका एकच आणि गोदीचे दिवस मोजके, तिथे मी हा व्यवहार घेईन.

पण बोल्टची पाती म्हणजे कवच नव्हे. २७ ऑगस्ट २०२२ ला पोर्टस्मथहून अमेरिकेकडे निघालेली 'प्रिन्स ऑफ वेल्स' आयल ऑफ वाइटजवळच थांबली. उजव्या शाफ्टचे शेवटचे दोन तुकडे जोडणारं कपलिंग गेलं होतं. शाफ्टच्या जुळणीत ०.८ ते १ मिलिमीटरची चूक होती. दुरुस्तीला अडीच कोटी पौंड लागले, डाव्या शाफ्टचंही काम करावं लागलं आणि रोसाइथची गोदी सोडायला जुलै २०२३ उजाडला. ब्रिटनची मोहीम मात्र थांबली नाही, कारण जुळी बहीण 'क्वीन एलिझाबेथ' तिच्या जागी गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'क्वीन एलिझाबेथ'चं कपलिंग बिघडलं तेव्हा 'प्रिन्स ऑफ वेल्स'ने परतफेड केली. फ्रान्सच्या दुसऱ्या नौकेचा बेत कागदावरच राहिला.

चौथी जागा निवृत्तीची. 'क्लेमांसो' वर्गाचे पंखे उपयोगी पडले याचं श्रेय नियोजनाला देता येत नाही. ते अजून भंगारात गेलेले नव्हते, एवढंच. नौका सेवेतून काढताना काय ठेवायचं आणि काय विकायचं ही यादी सहसा तोफा, रडार आणि इलेक्ट्रॉनिक्सभोवती फिरते. जड, आकाराने अडचणीचे, वेगळ्या कारखान्याचे आणि बनायला वर्ष लागेल असे भाग, म्हणजे पंखे, शाफ्टचे तुकडे, सुकाणूचे खांब, हे निदान नवी नौका तिची पहिली लांब सफर पूर्ण करेपर्यंत गोदामात राहिले पाहिजेत. 'क्लेमांसो'चा सांगाडा ३१ डिसेंबर २००५ ला टूलॉनहून गुजरातमधल्या अलंगकडे निघाला. आतल्या ॲस्बेस्टॉसवरून सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तो परत बोलावण्यात आला. त्या वेळी तिच्या वर्गाचे पंखे 'शार्ल द गोल'खाली फिरत होते, आणि पुढे दीड वर्ष फिरायचे होते.